पन्नास डिग्रीचं क्रीम

एप्रिल सरता सरता मी नांदेडला चाललेय असं सांगितल्यावर चिपळुणात मला सगळ्यांनी वेड्यात काढलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, या दिवसांत तिकडची माणसं कुठेतरी थंडाव्याला जातात. तू उलटी कुठे निघालीस?" त्यांचं काही चुकत नव्हतं. पण रंजनाला शब्द दिला होता, आणि तो मी आधीच दोनदा मोडला होता.

रंजना आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. बरीच वर्षं ती आमच्या शेजारी भाड्यानं राहिली. मग बदली करून आपल्या मुलखात नांदेडला गेली, आणि तिथून दर वर्षी फोनवर एकच पालुपद लावायची, "ताई, एकदा आमच्या गावची जयंती बघायला या." तिचं गाव लोहा तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. त्या भागात भीमजयंतीचा मूळ दिवस उलटून गेला तरी गावं आपापल्या सोयीनं पुढे महिनाभर जयंत्या करत राहतात. या गावची मिरवणूक झाली की त्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात. हे सगळं रणरणत्या उन्हात.

उन्हाचीच तर माझी अडचण होती. गेल्या थंडीत नाकाशेजारचा एक डाग काढून टाकावा लागला. तपासणीत तो साधाच निघाला, पण त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सज्जड दम भरला. रोज सनस्क्रीन लावायचं, आभाळ असलं तरी. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी, दोन बोटांवर लांब रेघ ओढली तर जेवढं येईल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना रंगाचा थर पातळ द्या म्हणून सांगते, आणि आता रोज सकाळी आरशासमोर उभी राहून स्वतःला चुना लावते.

लातूर

पुण्याहून गाडी सकाळी लातूरला पोहोचली. स्टेशनबाहेर पिशवी उपसली तेव्हा लक्षात आलं की क्रीमची ट्यूब चिपळूणच्या बेसिनवर मजेत पडलेली आहे. स्वतःवरच चिडत मी पहिलं उघडलेलं मेडिकल गाठलं.

"चेहऱ्याला लावायचं क्रीम पाहिजे," म्हटल्यावर दुकानदारानं काहीही न विचारता गोरं व्हायच्या क्रीमचे चार डबे काउंटरवर मांडले. माझ्या रंगाकडे बघून त्याला माझी गरज कळली असावी. मी म्हटलं, "गोरं नाही व्हायचं हो. आहे हे टिकवायचंय. सनस्क्रीन द्या."

त्यानं दोन ट्यूबा काढल्या. एकीवर तीस लिहिलेलं, एकीवर पन्नास. मी खोकं डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचू लागले. दोन्ही प्रकारच्या किरणांना अडवतं का, घामानं लगेच उतरत नाही ना, वासाचं नाही ना, मुदत कधी संपते. माझ्या शेजारी बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेले एक गृहस्थ हे सगळं मोठ्या उत्सुकतेनं बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"पन्नासवालंच घ्या बाई," ते म्हणाले. "तीसवालं आपल्याकडं टिकायचं न्हाई."

"का बरं?"

"आता बगा, आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातंय. तीसवालं तीस डिग्रीपर्यंतच काम करनार. पन्नासवालं हाय ते पन्नासपर्यंत चालतंय. खामखा तीसवालं घेऊन काय करताव?"

त्यांचं गणित इतकं चोख होतं की मला हसावं की नाही कळेना. दुकानदारही खोडून काढेना, उलट मान डोलावत होता. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की तो आकडा किरण अडवण्याचा आहे, पाऱ्याशी त्याचा संबंध नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाव, तेच म्हनून राहिलो मी." मी पन्नासवालं घेतलं. तेही तसं माझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणून.

बसला वेळ होता तेव्हा गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. आमच्याकडे भात म्हणजे आमटीत बुडून गप्प बसणारा पदार्थ. हा पिवळा, तिखट, सुटासुटा भात सकाळीच अंगावर आला, पण दुसरी प्लेट मागायचा मोह आवरला नाही. मग बस अहमदपूर, लोहा करत नांदेडला. खिडकीची काच बंद केली तर गुदमरायला होतं आणि उघडली तर चुलीपुढे बसल्यासारखं वाटतं. मला नवल वाटलं ते घामाचं. आमच्याकडे घाम अंगावरून ओघळतो, इथे तो येतो कधी आणि वाळतो कधी तेच कळत नाही. ओठ तेवढे फुटतात.

नांदेड

रंजनाच्या घरी कूलरसमोर बसल्यावर जीवात जीव आला. संध्याकाळी ती मला गोदावरीवर घेऊन गेली. रस्त्यानं स्कूटीवरून जाणाऱ्या मुली बघत राहिले. डोकं, गाल, गळा, सगळं ओढणीत गुंडाळलेलं, हातात कोपरापर्यंत मोजे, उघडे ते फक्त डोळे. पुरुषांच्या डोक्याला पांढरे रुमाल, खांद्यावर दस्ती. दस्ती म्हणजे आपला हातरुमाल किंवा पंचा, निजामाच्या काळापासून राहिलेला शब्द. ही माणसं ट्यूब न घेताही स्वतःला नीट झाकून घेतात हे बघून मला माझ्या थराची जराशी लाजच वाटली.

"झाकणं हेच पहिलं," रंजना म्हणाली. "तुमचं क्रीम त्याच्यानंतर. आणि ताई, गावी मायपुढं उन्हाचा विषय जपून काढा."

मग तिनं आईचं सांगितलं. आई म्हणजे गयामावशी. पासष्टी ओलांडलेली. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून जयंतीच्या मिरवणुकीत बायकांच्या पुढे चालायची. गाणं ती उचलणार आणि बाकीच्या मागून धरणार. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाला गेली आणि तिथे तिला ऊन लागलं. ताप डोक्यात गेला, बडबड सुरू झाली, नांदेडच्या दवाखान्यात कितीतरी दिवस काढावे लागले, मूत्रपिंडावर आलं होतं ते कसंबसं निभावलं. डॉक्टरांनी रंजनाला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही नाही. तेव्हापासून मावशीला दुपारचं ऊन बंद.

"मिरवणूक दारावरून जाते, ती ओट्यावर खुर्ची टाकून बघते," रंजना म्हणाली. "दोन वर्षं झाली, त्या दिवशी ती माझ्याशी बोलत न्हाई." नदीवरून वारा येत होता, पण तोही कोमटच होता.

गावात

दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो. रंजनाचा भाऊ सुधाकर मोटारसायकल घेऊन फाट्यावर आला होता. घर पत्र्याचं, पुढे मोठा लिंब, आणि त्याच्या सावलीत बाजेवर बसलेली गयामावशी. बारीक, ताठ, डोक्यावर ओली दस्ती. "जयभीम मावशी," म्हटलं तर माझा हात धरून तिनं मला शेजारी बसवलं आणि आपल्या डोक्यावरची दस्ती काढून माझ्या डोक्यावर ठेवली. इतकं गार वाटलं की मी डोळेच मिटले.

"कोकनातून आली व्हय तू? लई लांबून आलीस बाई. उन्हाचा त्रास झाला?"

"सवय नाही मावशी. आमच्याकडे कोकम असतं, इथे काय पिता?"

"आंबील पी. अर्चना, तिला आंबील दे उलीसं." अर्चना म्हणजे सुधाकरची बायको. ज्वारीच्या पिठाचं ते आंबट, ताकाळ पेय मी दोन तांबे प्यायले. रात्री भाकरी, येसर मसाल्याची आमटी आणि खिरीची तयारी. अंगणात मांडव, घराघरांतून पांढऱ्या साड्या इस्त्री होऊन येत होत्या. मला त्या घरात दोन तासांत माहेरपण वाटू लागलं.

जयंतीच्या सकाळी मी लिंबाखाली आरसा टेकवून क्रीम लावत बसले. बायका जमल्या. अर्चना म्हणाली, "ताई, तुमी तं भूत दिसून राहिलाव." मीही मग रंगात येऊन लातूरच्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. तीसवालं तीस डिग्रीपर्यंत, पन्नासवालं पन्नासपर्यंत. सगळ्या खूप हसल्या. मावशीही हसली. मग सगळ्या पांगल्यावर ती हळूच माझ्याजवळ सरकली.

"हे कामून लावतेस, बाई?"

मी ओठ ताणून नाकाखाली क्रीम चोळत होते. त्या गडबडीत म्हणाले, "ऊन लागू नये म्हणून, मावशी."

"खरंच लागत न्हाई?"

"रोज लावते. लावल्यापासून एकदाही नाही लागलं."

"डाक्टरनं दिलं?"

"डॉक्टरांनीच."

तिनं ट्यूब हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि जपून भिंतीतल्या दिवळीत ठेवली. मला वाटलं, नातवंडांच्या हाती लागू नये म्हणून ठेवली.

मिरवणूक

सकाळी आठला निघणारी मिरवणूक डीजेची गाडी उशिरा आल्यामुळे बाराच्या ठोक्याला निघाली. रंजना लहान मुलांना पाणी पाजायला पुढे गेली. सुधाकर गाडीपाशी. मावशीला ओट्यावर खुर्ची टाकून दिली होती, अर्चना घरी खिरीजवळ होती. मीही निघाले. पांढऱ्या साड्यांची रांग, निळे झेंडे, निळ्या गुलालाचे लोट, आणि वरून सूर्य असा की डोळे वर करायची सोय नाही. मी ओढणीनं डोकं झाकून घेतलं होतं, तरी तासाभरात मला चक्कर यायला लागली. मी चांगलीच भ्याले आणि गुपचूप घरी परतले.

पाणी प्यायले, तोंड धुतलं आणि पुन्हा क्रीम लावायला दिवळीत हात घातला. ट्यूब चपटी झाली होती. दोनच दिवसांपूर्वी घेतलेली ट्यूब, टोकापासून पिळून पिळून रिकामी केलेली. मागे वळून बघितलं तर ओट्यावरची खुर्ची रिकामी, आणि खुर्चीच्या पाठीवर मावशीची दस्ती वाळत पडलेली. पाण्याचा तांब्या भरलेलाच होता.

मी अर्चनाला हाक मारली, ती म्हणाली, "आत्या न्हानीत असतील." न्हाणीत कोणी नव्हतं. मग मी चपला न घालताच धावले. तळपाय भाजले ते मला रात्री कळलं.

शाळेच्या वळणावर बायकांची रांग सापडली. सगळ्यांच्याच चेहऱ्यांवर निळे ठिपके होते, पण एक चेहरा अख्खा निळा होता. क्रीमचा जाड लेप आणि त्यावर चिकटलेला गुलाल, मधून फक्त डोळे आणि दात दिसत होते. पोरं बोटं दाखवून हसत होती. डोक्यावर पदर नाही, दस्ती नाही, दोन्ही हात वर करून गयामावशी गाणं म्हणत होती. डीजेच्या आवाजात ते कोणाला ऐकू जात नव्हतं, पण आजूबाजूच्या चार बायका तिच्या ओठांकडे बघून मागून धरत होत्या.

मी तिचा दंड धरला. तापलेल्या पत्र्याला हात लागावा तसं झालं.

"मावशी, चला, सावलीत चला!"

"कामून? तुपलं क्रीम पन्नासचं हाय ना? आज त्रेचाळीस हाय म्हने. आजून सात उरलेत की."

ती हसत होती, पण शब्द जड येत होते. मग ती म्हणाली, "आबा आले का गं?" आबा म्हणजे तिचे वडील, ते जाऊन किती वर्षं झाली मला माहीत नव्हतं. पुढच्याच पावलाला तिचे गुडघे वाकले आणि ती माझ्या अंगावर आली.

मी किंचाळले असणार, कारण डीजे बंद झाला. रंजना गर्दीतून कशी आली कोण जाणे. तिनं मावशीला शाळेच्या व्हरांड्यात सावलीला नेलं, टाकीचं पाणी अंगावर ओतलं, ओले पदर मानेला, काखेत, जांघेत लावले, बायकांना वारा घालायला लावलं. कोणीतरी पाण्याचा पेला मावशीच्या तोंडाला लावायला गेलं, तर रंजना ओरडली, "शुद्ध न्हाई तिला नीट, ठसका लागंल! गाडी आणा!" मिरवणुकीतलीच एक जीप रिकामी केली आणि आम्ही लोह्याच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो. मी मावशीच्या तोंडावरचा निळा लेप ओल्या ओढणीनं पुसत होते, आणि खालून तिचा लालभडक चेहरा दिसत गेला. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

लोहा

संध्याकाळपर्यंत ताप उतरला. लघवी झाली हे ऐकून रंजना पहिल्यांदा खाली बसली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, आता काळजी नाही, पण आजची रात्र इथेच राहू द्या.

"ताई, तुम्ही तिला नेमकं काय म्हणालात?" रंजनानं विचारलं.

"ऊन लागू नये म्हणून लावते, एवढंच."

रंजनानं कपाळाला हात लावला. तेव्हा नदीवरचं तिचं बोलणं आठवलं आणि मला कळलं. आमच्याकडे ऊन लागतं म्हणजे चटका बसतो, सावलीत सरकलं की संपलं. इथे ऊन लागणं हे दुखण्याचं नाव आहे. कावीळ झाली, टायफॉइड झाला, तसं ऊन लागलं. मावशीनं मला विचारलं होतं की या औषधानं माझं ते जुनं दुखणं येणार नाही ना, आणि मी छातीठोकपणे सांगितलं होतं की डॉक्टरांनीच दिलंय.

मावशी जागी झाली तेव्हा मी तिला नीट समजावलं. हे फक्त कातडीसाठी आहे. कातडी करपू नये, डाग पडू नयेत म्हणून. अंगात चढणारा ताप ते अडवत नाही. त्याला पाणी, सावली आणि डोक्यावरची ओली दस्तीच पाहिजे.

"मंग सरळ सांगायचं की," ती क्षीण आवाजात म्हणाली, "कातडं काळं हू नये म्हनून लावते. माझं कातडं काळं हून हून आता अजून काय हुनार हाय?"

मी हसले आणि त्याच वेळी रडले. रंजना मात्र हसली नाही. दिवसभराचं साठलेलं बाहेर पडलं. "माय, तुला कळत कसं न्हाई? मी तिकडं रोज लोकांना सलाईन लावते, आन् तू इथं मरायला निघालीस! दोन तास खुर्चीवर बसलीस तं काय बिघडतंय?"

मावशी मग म्हणाली, "दोन वर्षं बसले ना. मिरवनूक दारावरून जाती आन् मी पाहुन्यावानी बघत बसती. पोरी, लगीन हून आले तवा ह्या रस्त्यानं आमी अनवानी निघालो तरीबी लोक आडवे येयाचे. तवा आमी चाललो. गानं म्हनत चाललो. आता रस्ता आपला झाला तं तू मला खुर्चीत बशिवतीस."

रंजना सलाईनचे थेंब बघत राहिली.

पुन्हा गावात

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. मावशी दुसऱ्या दिवशी घरी आली, पेज प्यायली, झोपली, मग सुधाकरला रागावण्याइतकी ठीक झाली. त्यानंतरच्या पहाटे, अजून उजाडायचं होतं तेव्हा, रंजनानं मला हलवून उठवलं. ती पांढरी साडी नेसून तयार होती. बाजेपाशी जाऊन तिनं मावशीला उठवलं.

"ऊठ माय. चल."

"कुठं?"

"मिरवनुकीला. सूर्य निघायला अवकाश हाय अजून. हळू चालायचं, मधी बसायचं, पानी प्यायचं. मी संगं हाय."

मावशीनं मग उठून पेटीतली साडी काढली. नेसायला तिला वेळ लागला, रंजनानं निऱ्या करून दिल्या.

आम्ही तिघी निघालो. हवा गार होती, त्या आठवड्यात प्रथमच. रस्त्यावर अजून निळा गुलाल पसरलेला, फाटक्या पताका, तुटलेला एक झेंडा. मावशी रंजनाचा हात धरून अगदी हळू चालत होती. शाळेच्या वळणावर ती पाच मिनिटं व्हरांड्यात बसली, दोन घोट पाणी प्यायली आणि उठताना तिनं गाणं उचललं. आवाज चिरका लागला, पण त्या शांततेत स्पष्ट ऐकू येत होता.

एक ओळ झाली आणि ती थांबली. मागून धरायला कोणी नव्हतं. मला ते गाणं येत नव्हतं. रंजनानं घसा खाकरला आणि ती ओळ धरली, बेसूर, चारचौघांत कधी गायली नसावी अशी. मावशीनं पुढची ओळ घेतली. तेवढ्यात एका दाराची कडी वाजली आणि एक म्हातारी तोंडात मिश्री धरून, ओल्या हातांनीच आमच्या मागे चालू लागली. मग तिची सून. मग शेजारच्या दोघी, एकीच्या काखेत झोपलेलं लेकरू. बुद्धविहार दिसू लागला तोवर आमच्या मागे दहा-पंधरा बायका होत्या, आणि सगळ्या मावशीचीच ओळ धरत होत्या.

विहाराच्या पायरीवर मावशी बसली, धापा टाकत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. पूर्वेला आता कुठे तांबडं फुटत होतं.

"झाली बाई माझी जयंती," ती म्हणाली. "आता ने मला घरी, ऊन यायच्या आत."

रंजना तिच्या पायाशी बसून रडत होती, आणि सगळ्या बायका बघत होत्या तरी तिनं डोळे पुसले नाहीत.